‘त्याचे निभते’ हे कोणी ठरवले?

पत्र, थोडक्यात: मी 47 वर्षांचा असून इचलकरंजीत राहतो. वडिलांच्या वेळचे आठ यंत्रमाग होते, ते मी खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत मजुरीने विणून देत, चालवत होतो. 2018 साली एका पतसंस्थेतून पाच लाखांचे कर्ज काढले. पुढे 2019 चा पूर आला, त्यापाठोपाठ टाळेबंदी लागली, मजुरीचा दर परवडेना, आणि शेवटी माग भंगारात द्यावे लागले. आता दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करून चालू ठेवणारा कारागीर) म्हणून महिना 24 हजारांवर काम करतो. मी पार खचलो होतो. परंतु दीड वर्षापासून सत्संगाला जातो, चहा-तंबाखू सोडली आहे, पहाटे ध्यान करतो आणि दरमहा दीड हजार रुपये अन्नदानाला देतो. झाले गेले मागे टाकले आहे. तुकोबांनीही कर्जखते इंद्रायणीत बुडवलीच होती. कर्जाचे म्हणाल, तर जामीनदार असलेल्या माझ्या मित्राच्या पगारातून चौदा महिने साडेसहा हजार कापले जात आहेत. पण तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, त्याचे निभते. मला त्रास आहे तो पत्नीचा. तिला माझ्यातला बदल दिसतच नाही. ती तुटक बोलते, आणि मित्राची पत्नी ज्या बचत गटात आहे त्या गटातही तिने जाणे सोडले आहे. तिला कसे समजावू?

उत्तर:

तुमचे मूळ पत्र साडेतीन पानांचे आहे. त्यात पहाटेच्या ध्यानावर एक संपूर्ण परिच्छेद आहे, पत्नीच्या तुटकपणावर जवळजवळ दीड पान आहे, आणि मित्राच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे. त्या वाक्यापाशी मी थांबले आणि पत्राच्या समासात गुणाकार केला. चौदा महिने, दरमहा साडेसहा हजार, म्हणजे 91,000 रुपये. ही रक्कम तुमच्या पत्रात कोठेही नाही. तुम्ही ती मांडून पाहिलेली नाही, असे मला वाटते, आणि पत्नीविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तरही मला त्या न मांडलेल्या आकड्यातच दिसते.

माग बुडाले यात मी तुमचा दोष काढत नाही. खर्चीवर माग चालवणाऱ्याच्या हाती ना सुताचा भाव असतो ना मजुरीचा दर, आणि पंचगंगेचे पाणी कोणाला विचारून चढत नाही. त्या संकटाविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते मी खरे मानते आणि तेथेच सोडते, कारण संकट कसे आले याचा जाब तुम्हाला कोणी विचारत नाही. ते संकट आता कोण भोगत आहे, हा प्रश्न आहे.

‘त्याचे निभते’ हे तुम्हाला कोणी सांगितले? मित्राने सांगितले असते तर तुम्ही तसे लिहिले असते. त्याला नियमित पगार आहे, एवढ्यावरून तुम्ही ते परस्पर ठरवून टाकले आहे. पतसंस्था पगारदार जामीनदार का मागते, हे तुम्हाला अर्ज भरतानाच ठाऊक होते. धंदा बुडू शकतो, माग भंगारात जाऊ शकतात, पण पगार दरमहा ठरल्या जागी सापडतो. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुली दाखला, म्हणजे थकलेले कर्ज वसूल करण्याचा अधिकृत आदेश, मिळवण्यासाठी संस्थेला दिवाणी दावा लढवत बसावे लागत नाही, आणि तो दाखला कर्जदाराबरोबर जामीनदाराविरुद्धही निघतो. ‘आधी कर्जदाराकडे जा, तेथे काही मिळाले नाही तर माझ्याकडे या,’ असे म्हणण्याची सोय जामीनदाराला नसते. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते.

आता ती कपात प्रत्यक्षात कशी होते, ते डोळ्यांसमोर आणा. शिक्षकाच्या पगारातून वसुली करायची म्हणजे तसे पत्र कार्यालयात जाते. शिक्षण विभागातला लिपिक ते वाचतो, मुख्याध्यापक वाचतात, आणि मधल्या सुट्टीत डबे उघडेपर्यंत साऱ्या शाळेला कळलेले असते की गुरुजींच्या पगारावर वसुली आली आहे. कर्ज कोणाचे, हे त्या पत्रावर बारीक अक्षरात असते आणि तेवढे कोणी वाचत नाही. उद्या त्याला मुलांच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज हवे असेल, तर बँक हातात येणारा पगार पाहील, आणि तो साडेसहा हजारांनी कमी असेल. ही सारी वर्षे मुलांना प्रामाणिकपणा शिकवणाऱ्या माणसाच्या नावापुढे तुमची थकबाकी लागलेली आहे, आणि तुम्ही लिहिता की त्याचे निभते.

मला या गोष्टीची चीड का येते, तेही सांगते. माझे वडील एका कार्यालयात कारकून होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून कर्ज काढले, वडिलांनी जामीन म्हणून सही केली, आणि काही महिन्यांनी तो गृहस्थ नोकरी सोडून दुसऱ्या व्यवसायात गेला. वडिलांच्या पगारातून दरमहा 110 रुपये कापले जाऊ लागले. आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेले असे आणि त्याच्या चौकटींत आई दुधाचा हिशेब लिहीत असे. पगाराच्या दिवसाच्या चौकटीत मात्र ती तांबड्या पेन्सिलीने 110 हा आकडा लिही आणि त्याखाली एक आडवी रेघ ओढी. असे आकडे 38 झाले. त्या काळात माझी टंकलेखनाच्या वर्गाची फी दोनदा पुढे ढकलली गेली; कारण काय, ते मला कोणी सांगितले नाही, पण ती रेघ मला दिसत होती. वडील त्या पैशांबद्दल कधीही बोलले नाहीत. एका संध्याकाळी मात्र ते बाजारातून घरी आले, पिशवी ठेवली आणि आईला म्हणाले, “आज तो समोरून येत होता. मला बघून त्याने सायकल बोळात घातली.” त्या रात्री ते जेवले नाहीत. अडतीस महिन्यांत एका पैचीही तक्रार न करणारा माणूस त्या एका वळलेल्या सायकलीने मोडला, हे मी पाहिले आहे. म्हणून तुम्हाला विचारते: मित्र रस्त्यात दिसला, तर तुम्ही काय करता? साडेतीन पानांत त्याच्या भेटीचा एकही उल्लेख नाही.

तुम्ही तुकोबांचा दाखला दिला आहे, तोही तसाच सोडता येणार नाही. परंपरा जी हकिकत सांगते ती नीट आठवा. जी खते इंद्रायणीत गेली, ती लोकांनी तुकोबांच्या घराला देणे असलेल्या पैशांची होती. दुष्काळाने गांजलेल्या माणसांकडे असलेले आपले येणे त्यांनी सोडले. स्वतःचे देणे कोणाच्या गळ्यात टाकून ते मोकळे झाले नाहीत. आणि त्याच हकिकतीत आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार मोलाची वाटते: निम्मी खते धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची म्हणून त्यांनी आधी कान्होबांच्या हाती दिली आणि केवळ स्वतःच्या वाट्याची बुडवली. वैराग्याच्या त्या क्षणीही भावाचा हिस्सा परस्पर पाण्यात सोडण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे त्यांना वाटले नाही. तुम्ही मात्र ‘मागे टाकले’ असे जे लिहिता, ते दुसऱ्याच्या अंगणात टाकलेले आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही तुमचे कर्ज कमी होत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 145 असे सांगते की, जामिनाच्या प्रत्येक करारात कर्जदाराचे एक वचन गृहीत धरलेले असते: जामीनदाराने जी रक्कम रीतसर भरली ती मी त्याला भरून देईन. हे वचन कागदावर लिहावे लागत नाही किंवा तोंडाने उच्चारावे लागत नाही. मित्राने तुमच्यासाठी सही केली त्या दिवशीच तुम्ही ते दिलेले आहे. संस्थेच्या खात्यावरून दरमहा जे साडेसहा हजार उतरतात, ते त्याच दिवशी मित्राच्या नावे तुमच्या अंगावर चढतात. फरक एवढाच की, संस्था नोटीस पाठवते आणि मित्र पाठवत नाही. त्याच्या त्या न पाठवण्यातली मैत्री तुम्ही सवलत म्हणून वापरली आहे.

आता तुमच्या पत्नीविषयी. तुम्ही त्यांचा तुटकपणा आणि बचत गट सोडणे या दोन गोष्टी त्यांच्या स्वभावाच्या खात्यावर टाकल्या आहेत. बचत गट कसा चालतो, हे तुम्ही कधी जवळून पाहिले आहे का? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि लेखे ही त्याची पंचसूत्री असते. सतरंजीवर गोल करून बसलेल्या बायकांपुढे प्रत्येकीचे नाव आणि तिचा हप्ता मोठ्याने वाचला जातो, आणि एकीने हप्ता चुकवला तर सगळ्या गटाची पत जाते, हे तिथल्या निरक्षर बाईलाही ठाऊक असते. अशा गोलात तुमच्या पत्नीने मित्राच्या पत्नीसमोर बसायचे, स्वतःचे दोनशे-पाचशे रुपये मोजून द्यायचे आणि तिच्या डोळ्याला डोळा द्यायचा, हे त्यांना किती महिने जमले असेल, याचा विचार करा. त्या एकलकोंड्या झालेल्या नाहीत. तुम्ही जी लाज उचलली नाही ती त्या उचलत आहेत, आणि तुम्ही पहाटे ध्यानाला बसता तेव्हा त्या बहुधा जाग्याच असतात.

तुमची साधना ढोंगी आहे, असे मी म्हणणार नाही. तंबाखू सुटणे ही लहान गोष्ट नाही, आणि खचलेल्या माणसाला आधार लागतो हे मला समजते. परंतु दरमहा जे दीड हजार रुपये तुम्ही अन्नदानाला देता ते तुमचे नाहीत. ते एका शिक्षकाच्या घरातले आहेत. ज्याचे आपण देणे लागतो त्याला न देता दुसऱ्याला दिलेल्या पैशाला दान हा शब्द लावू नका. या महिन्यापासून ते थांबवा.

तुम्ही एकच गोष्ट करावी, असे मी सांगते. पतसंस्थेत सामोपचाराची किंवा एकरकमी परतफेडीची योजना आहे का, हप्ता तुमच्या पगारावर वळवून घेता येतो का, या चौकश्या तुम्हाला कराव्या लागतीलच, पण त्या नंतर. आधी येत्या रविवारी सकाळी मित्राच्या घरी जा. शाळेत जाऊ नका, फोन करू नका, मध्यस्थ पाठवू नका. एका पाकिटात अन्नदानाचे दीड हजार आणि चहा-तंबाखू सोडल्याने जे वाचत असतील ते पैसे घाला आणि वरती रक्कम लिहा. दारात उभे राहून एवढेच सांगा की, आजवर 91,000 रुपये तुझ्याकडून माझ्यासाठी गेले, ते मी देणे लागतो, हे पहिले आहेत आणि दर महिन्याला पगार झाला की मी स्वतः घेऊन येईन. पूर, टाळेबंदी आणि सत्संग यांतले काहीही बोलू नका. माफी मागा, परंतु ‘मनातून काढून टाक’ असे म्हणू नका; ते काढायचे की ठेवायचे हे तो ठरवील. तो बोलला तर ऐकून घ्या, त्याची पत्नी बोलली तर तेही उभ्यानेच ऐकून घ्या. दार उघडले नाही, तर पुढच्या रविवारी पुन्हा जा. पैसे स्वीकारले, तर त्याच्या हाताने तारीख आणि आकडा एका वहीत लिहून घ्या आणि ती वही त्याच्याच घरी राहू द्या.

पत्नीला काही समजावण्याच्या भानगडीत आत्ता पडू नका. फक्त शनिवारी रात्री, जेवणे झाल्यावर, तो आकडा त्यांच्यासमोर उच्चारा आणि सकाळी माझ्याबरोबर येशील का, असे विचारा. आकडा त्यांना बहुधा तुमच्याआधीच पाठ असेल.