हात फोनकडे नेमका कधी जातो?

"मॅडम, माझा मुलगा चोरी करतो का हो?"

ताई हे विचारत होत्या तेव्हा त्यांच्या मांडीवर नववीची गणिताची वही होती. गृहपाठाच्या पानांवर बरोबरच्या खुणा ओळीने होत्या. घटक चाचणीत मात्र २० पैकी ४ गुण. शाळेतल्या सरांनी बोलावून सांगितलं होतं, की हा सगळा गृहपाठ फोनवरच्या, बीजगणितही सोडवून देणाऱ्या कॅल्क्युलेटरमधून उतरवतो. आज हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला कुणी ना कुणी पालक घेऊन येतात, म्हणून त्या मुलाची गोष्ट सांगते. आई आणि मुलगा दोघांनाही विचारलं आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०२२ सालचा हिवाळा. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मराठी माध्यमाची शाळा. वडील दुधाच्या टेम्पोवर, आई घरी शिलाई करणाऱ्या आणि बचत गटाचा हिशोब ठेवणाऱ्या. मुलगा अबोल, पण उद्धट अजिबात नाही.

सरांना संशय आला तो एका गणितावरून. क्ष² + ४क्ष − ५ चे अवयव पाडायचे होते. उत्तर सोपं आहे : (क्ष + ५)(क्ष − १). मुलाच्या वहीत मात्र लिहिलं होतं, क्ष = −२ ± आय. नववीच्या वहीत हा 'आय' कुठून आला? सरांनी वर्गात विचारलं, "हा आय कोण रे?" वर्ग हसला, मुलगा खाली बघत राहिला आणि त्या दिवसापासून हात वर करायचा थांबला. प्रत्यक्षात झालं होतं एवढंच, की टाइप करताना शेवटच्या ५ आधीच्या वजाचं अधिक झालं. त्या चिन्हामुळे वर्गमुळाखाली ऋण संख्या आली आणि यंत्राने इमानेइतबारे काल्पनिक संख्येतलं उत्तर दिलं; 'आय' म्हणजे −१ चं वर्गमूळ. शिवाय अवयव पाडायचे असताना त्याने 'सॉल्व्ह', म्हणजे 'समीकरण सोडवा', दाबलं होतं. पडद्यावर सगळं इंग्रजीत होतं. 'अवयव पाडा' म्हणजे 'फॅक्टर' हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली. आईंच्या काळजीने मीही घाईला आले आणि "आठ दिवस फोन बंद ठेवून पाहू" म्हणाले. आठ दिवसांत गृहपाठच बंद झाला. गणिताच्या तासाला त्याच्या पोटात दुखू लागलं. ते दुखणं खोटं नव्हतं, भीतीने पोट खरंच दुखतं. फोन काढून घेतल्यावर मुलाकडे काहीच उरत नसेल, तर फोन हा मूळ आजार नव्हे, एवढं मला त्यातून कळलं.

दुसऱ्या भेटीत मी फोन त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. म्हटलं, "वाटेल तेव्हा उघड. फक्त उघडण्याआधी, जिथे थांबलास तिथे पेन्सिलने एक टिंब दे." बहुपदींची १२ उदाहरणं दिली. तासाभराने ९ टिंबं होती, त्यांतली ८ एकाच जागी : कंसाच्या बाहेर वजा असलेल्या किंवा वजाला वजाने गुणायच्या ओळीच्या तोंडाशी. बहुपदीची कोटी म्हणजे सर्वांत मोठा घातांक ओळखणं, पदं उतरत्या घातांकांनी प्रमाण रूपात लावणं, सहगुणक म्हणजे चलाला गुणणारी संख्या काढणं हे सगळं तो फोनला हात न लावता करत होता. पाढे येत होते, दुकानातले सुट्टे पैसे बरोबर आणत होता. अध्ययन अक्षमतेची शंका मनात होती, तीही पडताळून पाहिली; तसं काही दिसलं नाही.

मग मी त्याला सातवीबद्दल विचारलं. पूर्णांक संख्यांचा गुणाकार आणि भागाकार सातवीत येतो. त्याची सातवी म्हणजे २०२०-२१. शाळा फोनवर, आणि घरात फोन एकच. तो फोन वडिलांबरोबर पहाटेच दुधाच्या फेरीला जायचा. संध्याकाळी फोन घरी यायचा तेव्हा तास संपलेले असायचे आणि मुलगा ग्रुपवर आलेली उत्तरं वहीत उतरवायचा. आपणच त्याला तेव्हा सांगितलं होतं की यातून शीक, यातून उतरव. दोन वर्षांनी त्याच सवयीला चोरी म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या.

वजाची गाठ सोडवायला त्याच उपयोगी पडल्या. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ऋणाला ऋणाने गुणलं की धन येतं हा नियम लिहून ठेवला आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतले धन-ऋण हे शब्द त्याच परंपरेतले आहेत. मुलाच्या कानाला हे शब्द घरचेच होते, कारण आई रोज गटाच्या कर्जाचा हिशोब मांडायची. मी म्हटलं, "घरावर २०० रुपयांची ३ कर्जं आहेत. ती तिन्ही काढून टाकली, तर घर किती वर आलं?" तो पटकन म्हणाला, "सहाशे." मग कागदावर (−३) × (−२००) लिहून दाखवलं. हे एका दिवसात झालं नाही. तीन आठवडे आई शिलाई करता करता रोज पाच असे प्रश्न तोंडी विचारत होत्या.

फोन आम्ही बंद केला नाही, त्याची जागा बदलली. वहीच्या डाव्या पानावर आधी हाताने सोडवायचं. आलेले अवयव पुन्हा गुणून मूळ बहुपदी येते का बघायचं. त्यानंतर फोन. उत्तर जुळलं नाही तर ते खोडायचं नाही, कुठल्या ओळीपासून फाटे फुटले ते शोधायचं. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने स्वतः शब्द लिहून काढले : विस्तार करा म्हणजे एक्सपांड, सरळ रूप द्या म्हणजे सिम्प्लिफाय, अवयव पाडा म्हणजे फॅक्टर. सरांनाही भेटले. दहावीच्या पेपरला कॅल्क्युलेटर नसतो हा त्यांचा मुद्दा बरोबरच होता. मी त्यांना एवढंच मागितलं, की गृहपाठात उत्तराला नव्हे, चूक सापडलेल्या ओळीला खूण द्या. त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं.

पालकांना मी सांगते ते हेच, की मुलाने किती वेळ कॅल्क्युलेटर वापरला हे मोजू नका. हात फोनकडे नेमका कोणत्या ओळीला जातो ते शेजारी बसून बघा. कुणाचा अपूर्णांकाला जातो, कुणाचा शाब्दिक उदाहरण वाचतानाच जातो. प्रत्येक ओळीला हात जात असेल, तर दोन इयत्ता मागे जाऊन सुरुवात करावी लागते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

जानेवारीत तो आपणहून आला. क्ष³ + २क्ष² − ५क्ष − ६ ला क्ष + ३ ने निःशेष भाग जातो का, हे पाहायचं होतं. त्याने संश्लेषक भागाकार, म्हणजे फक्त सहगुणक मांडून करायचा भागाकार, केला होता, बाहेर −३ लिहून, बाकी शून्य. फोनवर क्षच्या जागी −३ घालून पाहिलं तर उत्तर −३६. पूर्वी त्याने वहीतलं उत्तर खोडलं असतं. या वेळी म्हणाला, "मॅडम, माझं बरोबर आहे. फोनचं कुठे चुकलं ते सापडत नाही." आम्ही दोघे बसलो. त्याने −३² असं कंसाशिवाय टाइप केलं होतं. यंत्र आधी ३ चा वर्ग करतं आणि मग वजा लावतं, म्हणून −९. (−३)² लिहिलं की ९. दुसऱ्या पदात +१८ च्या जागी −१८ आले, म्हणून ३६ चा फरक. कंस घालून पुन्हा टाइप केलं. शून्य.

पुढच्या चाचणीत २० पैकी ११ मिळाले. ताई पेढे घेऊन आल्या होत्या. मुलगा दाराशीच घुटमळत होता, मग विचारलं, "मॅडम, तो आय खरंच असतो का?" असतो म्हटलं, अकरावीला विज्ञान घेतलंस तर संमिश्र संख्यांच्या धड्यात भेटेल. "आता थोडा दाखवाल?" ताईंनी पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला आणि मी कोरा कागद पुढे ओढला.