गहू आणि राय (गव्हासारखे एक तृणधान्य) यांच्या संकरातून आलेले रोप वांझ का असते?

याचे कारण गुणसूत्रांच्या जोड्यांत आहे. ड्युरम गव्हाच्या (गव्हाचा एक कठीण दाण्याचा प्रकार) अंडपेशीतील १४ आणि रायच्या परागातील ७ गुणसूत्रे एकत्र येऊन २१ गुणसूत्रांचे रोप तयार होते, परंतु अर्धसूत्री विभाजनाच्या (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाच्या) वेळी त्यांतील बहुतेकांना जोडीदारच मिळत नसल्याने सक्षम पराग व अंडपेशी बनत नाहीत. कोल्चिसिन या रसायनाच्या साहाय्याने ही संख्या दुप्पट, म्हणजे ४२ केली की प्रत्येकाला जोडी मिळते आणि दाणे धरतात, हेच ट्रिटिकेल नावाचे संकरित धान्य. असे दुपटीकरण क्वचित आपोआपही घडते, आणि जर्मनीत वनस्पती-प्रजनक रिम्पाऊ यांना १८८८ मध्ये मिळालेला प्रजननक्षम संकर हे त्याचे मला सर्वांत विलक्षण वाटणारे उदाहरण आहे. ड्युरमच्या संकरात भ्रूणपोष (बीजातील भ्रूणाला अन्न पुरवणारा भाग) नीट वाढत नसल्याने कोवळा भ्रूण काढून कृत्रिम माध्यमावर वाढवणे मात्र बहुधा आवश्यक ठरते.