ट्रंक एक, पण आतल्या वस्तूंचे मालक वेगवेगळे

प्रश्न : माझे बाबा परराष्ट्र सेवेतून निवृत्त झाले होते. त्याआधी 1965 च्या युद्धकाळात ते सैन्यात होते. अडीच महिन्यांपूर्वी ते गेले. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या घरी त्यांची लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात रक्षा मेडल, एका परदेशी सरकारने दिलेलं पदक, आखाती देशात भेट मिळालेली चांदीची कॉफीदाणी, आफ्रिकेतून आणलेला हस्तिदंताचा छोटा हत्ती, एक जुना थांगका (कापडावरचं बौद्ध चित्र), घरची पत्रं आणि कार्यालयाची एक फाईल आहे. मृत्युपत्र नाही. डायरीत ‘पदके नातीस’ एवढंच लिहून बाबांनी सही केली आहे. सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी त्यांनी रक्षा मेडल माझ्या मुलीच्या हातात ठेवलंही होतं, पण संध्याकाळी ते परत ट्रंकेत गेलं. अमेरिकेतला थोरला भाऊ पुढच्या आठवड्यात येतोय. पदकं थोरल्या मुलाकडेच जातात, म्हणून ट्रंकच घेऊन जातो म्हणतो. आईला भांडण नको आहे. काय करू?

उत्तर : ताई, पदकांचं नंतर बोलू. आधी त्या हत्तीचं बघा, कारण तिथे दिवस मोजलेले आहेत.

हस्तिदंत आफ्रिकेतला असला तरी आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतो. अशी वस्तू वारसाहक्काने आली, तर 90 दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणापत्र द्यावं लागतं. अडीच महिने गेले, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम पंधरवडा आहे. त्यांचं कार्यालय आपल्याकडेच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे. बाबांच्या नावाचं जुनं मालकी प्रमाणपत्र कागदांत सापडतं का, ते आजच बघा. नसेल तर अर्ज टाळू नका, फक्त एखाद्या स्थानिक वकिलाला सोबत घेऊन जा. हत्ती कुणाला विकू नका आणि भावाच्या बॅगेत तर मुळीच जाऊ देऊ नका. विमानतळावर पकडला गेला, तर ‘बाबांची आठवण होती’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आता भावाच्या म्हणण्याविषयी. पदकं थोरल्या मुलाकडे जातात असा कुठलाही कायदा नाही. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे बाबांच्या स्वतःच्या मालमत्तेत आई, तुम्ही आणि भाऊ यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा. आईचा हिस्सा तुमच्या दोघांइतकाच पक्का आहे, हे त्यांना समजावून सांगा. अशा घरांत आई गप्प बसते आणि मग तिचा हक्क कुणी विचारातच घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

डायरीतली ओळ मृत्युपत्र ठरणार नाही, कारण त्यासाठी दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पण ते पान फाडू नका आणि त्यावर काही लिहू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट सहस्रचंद्रदर्शनाची आहे, आणि ते पान तिलाच आधार देतं. जंगम वस्तू बक्षीस द्यायला नोंदणीकृत दस्त लागतोच असं नाही, वस्तू प्रत्यक्ष हातात दिली तरी बक्षीस पूर्ण होतं. बाबांनी ‘हे आता तुझं’ म्हणून मेडल नातीच्या हातात दिलं असेल, तर ते त्याच दिवशी तिचं झालं आणि वाटणीत येतच नाही. संध्याकाळी ते जपून ठेवायला ट्रंकेत गेलं, एवढ्याने बक्षीस मोडत नाही. भाऊ मात्र हाच मुद्दा काढणार : नुसतं फोटोपुरतं दिलं होतं. म्हणून त्या दिवशीचे व्हिडिओ, फोटो आणि हजर असलेल्यांची नावं गोळा करा. तेव्हा बाबा नेमकं काय बोलले, ते आईंकडून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मेडलच्या कडेवर बाबांचं नाव ठोकलेलं दिसतं, रिबिनीची एक बाजू विटली आहे. नातीच्या हातातलं मेडल हेच, हे ओळखायला त्या खुणा पुरेशा आहेत. परदेशी पदक तेव्हा तिच्या हातात दिलं नव्हतं. त्यामुळे ते वाटणीत येतं, डायरीत ‘पदके’ असं अनेकवचन असलं तरी.

त्या परदेशी पदकामागे आणखी एक कागद असायला हवा. राज्यघटनेच्या 18 व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारी पदावरच्या व्यक्तीला राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय परकीय सरकारची भेट घेता येत नाही. परवानगीचं पत्र फाईलच्या घडीत कुठेतरी असेल, ते पदकासोबत ठेवा. कॉफीदाणीचंही तसंच. पदामुळे मिळालेल्या भेटी परराष्ट्र मंत्रालयाच्या तोशाखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या सरकारी भांडारात, जमा कराव्या लागतात. तिथे किंमत ठरते, मर्यादेच्या आतली वस्तू अधिकाऱ्याला परत मिळते, वरची हवी असेल तर फरकाचे पैसे भरून ठेवता येते. पैसे भरल्याची पावती सापडली, तर कॉफीदाणी निर्विवाद बाबांची. नाही सापडली म्हणून त्यांनी गैर केलं असं मनातही आणू नका. इतक्या वर्षांत पावत्या हरवतात. मात्र ती विकायला काढू नका, आईंच्या सहीने मंत्रालयाला पत्र लिहून विचारा.

थांगका शंभर वर्षांहून जुना असेल, तर तो पुरावशेष ठरतो आणि 1972 च्या कायद्याने तुम्हाला किंवा भावाला देशाबाहेर नेता येत नाही. वय पुरातत्त्व खात्याकडून तपासून घ्या.

फाईल मात्र तुमच्यापैकी कुणाचीच नाही. ती सार्वजनिक अभिलेख, म्हणजे सरकारी दप्तरातला कागद, असेल, तर केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय परदेशात नेणाऱ्याला 1993 च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कागद गोपनीय असतील, तर नुसते घरात ठेवणंही अडचणीचं ठरू शकतं. पानं चाळू नका, मोबाईलवर फोटो काढू नका, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. फाईल लिफाफ्यात घालून मोहोरबंद करा आणि परत कशी द्यायची, हे मंत्रालयाला त्याच पत्रात विचारा. घरची पत्रं तुमचीच. पुढे वाटलं तर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार अशी खासगी कागदपत्रं स्वीकारतं.

भाऊ आला की पहिल्या दिवशी ट्रंक तिघांच्या समोर उघडा. प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, यादी करा, तिघांच्या आणि शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या. त्याच यादीवर वाटणी ठरली, तर जंगम वस्तूंसाठी नोंदणी लागत नाही. भाऊ ऐकत नसेल, तर लगेच दावा टाकू नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व मध्यस्थीचा अर्ज करा, तिथे आईंनाही बोलता येईल. त्याने ट्रंक उचलून न्यायचाच हट्ट धरला, तर मात्र त्याच दिवशी वकिलाकडे जाऊन मनाई हुकमाची तयारी करा.

एक विनंती. आज रात्री भावाला फोन कराल तेव्हा सुरुवात हिश्श्यापासून करू नका. आधी हत्ती आणि फाईल यांचं सांगा. ट्रंक नेली असती तर विमानतळावर अडकला असता तो, तुम्ही नाही.