पोच घेतल्याशिवाय उठू नकोस

प्रिय मुली,

परवा संध्याकाळी तू वसतिगृहातल्या तिघीचौघींना घेऊन आलीस, तेव्हा तुझ्या हातातला कागद थरथरत होता. वसतिगृहाच्या पाण्यासाठी सोमवारी धरणं धरणार म्हणून आलेली पोलिसांची नोटीस. मी चष्मा लावून दोनदा वाचली. आमच्या वेळी तिला, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून, ‘१४९ ची नोटीस’ म्हणायचे. कायदा बदलला, आता नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम १६८ झालंय. मजकूर तोच आहे. काही अनुचित प्रकार घडला तर तुम्हाला जबाबदार धरण्यात येईल आणि सदर नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात सादर करण्यात येईल. “धरणं रद्द करायचं का, सर?” असं तू विचारलंस. सोबतच्या मुली रडवेल्या झाल्या होत्या, म्हणून मी चहा पुढे केला आणि उत्तर दिलं नाही. ते आज लिहून देतोय.

रद्द करायचं नाही.

ही नोटीस म्हणजे समज आहे, बंदी नाही. बंदीचा आदेश वेगळा असतो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (३) खाली निघतो, किंवा पूर्वीच्या १४४ खाली, म्हणजे आताच्या १६३ खाली. ‘जमावबंदी लागू आहे’ असं कुणी तोंडी सांगितलं तर आदेशाची प्रत माग. तारखा बघ. ३७ (३) चा आदेश सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे चालत नाही. दंडाधिकाऱ्यांचा १६३ चा आदेश दोन महिन्यांपुढे जात नाही, पुढे वाढवायचा तर राज्य सरकारला वाढवावा लागतो. आदेशात नक्की कशाला मनाई आहे, कुठल्या हद्दीत आहे, परवानगी घेतलेल्या कार्यक्रमांना सूट आहे का, हे शब्दन् शब्द वाच. माझ्या अनुभवात निम्मी आंदोलनं आदेशानं थांबत नाहीत, आदेश न वाचता घाबरल्यामुळे थांबतात.

तुमची मागणी काय, तर नळाला पाणी. ऐंशी मुली, एक टाकी, दिवसाआड टँकर, आणि चार अर्जांना उत्तर नाही. यासाठी कार्यालयासमोर सतरंजी टाकून बसायचा हक्क तुम्हाला कुणी मेहेरबानीनं दिलेला नाही. संविधानाच्या कलम १९ (१) (ख) मध्ये तो लिहिलेला आहे: शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हेही तिथेच लिहिलंय. तेव्हा पोलिसांना पत्र देताना भीक मागितल्यासारखं लिहू नकोस आणि ललकारी दिल्यासारखंही नको. तारीख, वेळ, जागा, अंदाजे किती जणी, कोण जबाबदार, त्यांचे मोबाइल नंबर. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी मागायची, आणि रात्री दहानंतर तो लावायचाच नाही.

आणि पोच घे. हे मी तुला शंभरदा सांगेन. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही. “ठेवा इथे, साहेब आले की बघतील,” असं सांगतील. बाकावर बसून राहा. तास लागला तर लागू दे. परवानगी नाकारली तर कारण लेखी माग, कारण पुढे कोर्टात उभं राहायला तोच कागद लागतो.

कोर्टात काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या मराठवाड्यातलंच आहे. २०२० च्या सुरुवातीला माजलगावात काही लोकांना नागरिकत्व कायद्यातल्या दुरुस्तीविरुद्ध जुन्या ईदगाह मैदानावर शांतपणे धरणं धरायचं होतं. बीडच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या मनाई आदेशावर बोट ठेवून पोलिसांनी परवानगी नाकारली. माणसं औरंगाबाद खंडपीठात गेली. न्या. नलावडे आणि न्या. सेवलीकर यांनी फेब्रुवारीत तो आदेश रद्द केला आणि स्पष्ट लिहिलं की, एखाद्या कायद्याला विरोध करायचा आहे एवढ्यावरून कुणाला देशद्रोही म्हणता येणार नाही. एका तालुक्याच्या गावची माणसं नाकारल्याचा कागद घेऊन उच्च न्यायालयाची पायरी चढली, म्हणून तो निकाल आज आपल्या हाताशी आहे.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती तुला पोलीस सांगणारच आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या शाहीन बागच्या धरण्याच्या प्रकरणात सांगितलं, की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. आणि २०१८ मध्ये त्याच न्यायालयानं दिल्लीच्या जंतरमंतरवर निदर्शनांना सरसकट बंदी चालणार नाही, असं म्हणून पोलिसांना नियम आखायला लावले होते. दोन्ही निकाल एकत्र वाचले की तुमच्यापुरतं चित्र स्वच्छ होतं. फाटकासमोर बसू नका, फाटकाच्या बाजूला बसा. दाखल्यासाठी आलेल्या म्हातारीला आत जायला वाट राहिली पाहिजे. ती म्हातारी जाता जाता थांबून “काय गं पोरींनो, काय झालं?” असं विचारेल. तिला सगळं नीट सांगा.

आता महाडबद्दल. चवदार तळं तुला शाळेपासून माहीत आहे, पण पुस्तकात त्यातला एकच दिवस असतो. २० मार्च १९२७. नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ चाच होता. म्हणजे हक्क कागदावर होता, पाणी मात्र मिळत नव्हतं. तुमच्या टाकीसारखंच. बाबासाहेब आणि परिषदेला आलेले लोक रांगेनं तळ्यावर गेले, पाणी प्यायले, परतले. खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली, आणि मंडपात जेवत असलेल्या, गावात विखुरलेल्या माणसांवर काठ्या चालल्या. बायकापोरांनाही सोडलं नाही. त्या सभेला लष्करातून निवृत्त झालेली माणसं आली होती. हात उचलायचा ठरवला असता तर ती कमी पडली नसती. ती डाक बंगल्यावर बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट बघत उभी होती. त्यांनी शांत राहायला सांगितलं, आणि ती राहिली. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना कोर्टात शिक्षा झाली. त्या दुपारी एक जरी काठी उलटी उठली असती, तर खटला कुणावर चालला असता, याचा विचार कर.

डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी हजारो लोक पुन्हा जमले, तर विरोधकांनी आधीच दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणून ठेवलेला. लोक म्हणत होते, मोडू या, तुरुंगात जाऊ. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. लोकांनी तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक काढली आणि ते परत फिरले. मग खटला लढवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. दहा वर्षं लागली. निकाल आपल्या बाजूनं लागला. तरुणपणी मला ती माघार वाटायची, आणि त्यावरून मी वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांशी भांडलोही आहे. आज वाटतं, हजारो तापलेल्या माणसांना तळ्यावरून परत आणणं हे तळ्यावर नेण्याइतकंच अवघड असणार.

कुणीतरी तुला २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषणही ऐकवेल. बाबासाहेबांनीच संविधान सभेत सांगितलं होतं ना, की आता सत्याग्रह आणि कायदेभंग सोडा, तो अराजकाचा मार्ग आहे? सांगितलं होतं. सनदशीर मार्ग खुले असताना असनदशीर मार्गाला समर्थन उरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मला पटतं. पण शांततेनं, विनाशस्त्र जमणं हा त्याच संविधानानं दिलेला मार्ग आहे. तुमचं धरणं असनदशीर नाही. ते तसं होऊ न देणं मात्र तुमच्या हातात आहे.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. मी पस्तिशीत होतो. दुष्काळी कामाच्या मजुरीसाठी आम्ही मोर्चा नेला, सातआठशे माणूस होता. घोषणा चालल्या होत्या, निवेदन द्यायला पाच जण आत गेले होते, मी त्यांत होतो. बाहेर मागे कुणी थांबलंच नव्हतं, सगळे पुढारी आत. दहा मिनिटांत काच फुटल्याचा आवाज आला. आवारातल्या जीपची पुढची काच. दगड कुणी मारला ते आजवर कळलं नाही. आमच्यातला असेल, बाहेरचा असेल. दुसऱ्या दिवशी पेपरात काच होती, मजुरी कुठेच नव्हती. अकरा जणांवर गुन्हा दाखल झाला. त्यातला एक पोरगा एकोणीस वर्षांचा, त्या दिवशी केवळ पाण्याची घागर घेऊन आलेला. नऊ वर्षं आम्ही तारखा केल्या. निर्दोष सुटलो, पण त्या पोराची भरतीची वयोमर्यादा तोवर उलटून गेली होती. तो अजून भेटतो, नमस्कार करतो. मला त्याच्या डोळ्यांत बघवत नाही.

म्हणून सांगतो, सगळ्या जणी आत जाऊ नका. दोघी आत, बाकी बाहेर. चार मुलींच्या दंडाला पांढरी फीत बांधा आणि त्यांना एवढंच काम द्या: गर्दीकडे तोंड करून उभं राहायचं, अनोळखी माणूस घुसून चढ्या आवाजात बोलायला लागला तर सगळ्यांनी खाली बसायचं. बसलेल्या गर्दीत उभा माणूस उघडा पडतो. एकीनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर चित्रण करायचं, तिनं घोषणा द्यायच्या नाहीत.

उचलून नेलंच तर ओढाताण करू नका. बहुतेक वेळा ताब्यात घेतात, संध्याकाळी सोडतात. अटक केली तर कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही; अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. हे सगळ्या मुलींना आदल्या रात्री वाचून दाखव. वकीलबाईंचा नंबर मोबाइलमध्ये नको, पेनानं मनगटावर लिहा. मोबाइल काढून घेतात.

आणि लोकांची मनं. २०१८ च्या मार्चमधला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवतो तुला? तेव्हा तू शाळेत असशील. नाशिकहून निघालेले हजारो आदिवासी शेतकरी, बहुतेकांची मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांची. १८० किलोमीटर चालून रविवारी ते सोमय्या मैदानावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला असता तर मुंबईची पोरं रस्त्यात अडकली असती. म्हणून तळपायाला फोड आलेली ती माणसं विश्रांती न घेता मध्यरात्रीनंतर उठली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानावर जाऊन बसली. माझ्या ओळखीच्या, मोर्चा म्हटलं की नाक मुरडणाऱ्या एका गृहस्थानं त्या सकाळी मला फोन केला आणि त्याला बोलताच येईना. मुंबईकर चपला, पाणी, बिस्किटं घेऊन धावले. त्याच दिवशी सरकारनं लेखी आश्वासन दिलं. तरी अंमलबजावणीसाठी २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये पुन्हा चालावं लागलं, हेही लक्षात ठेव.

म्हणून सोमवारी तुला ‘बघतो, करतो’ ऐकायला मिळालं तर उठू नकोस. कागद माग. त्यावर टँकरच्या रोजच्या खेपा किती, नळजोडणीचं काम कुठल्या तारखेपर्यंत आणि कुणाची जबाबदारी, हे तिन्ही असलं पाहिजे. अधिकारी चांगला असेल तर त्याचे आभार मान, मनापासून. त्यालाही वरून काही मिळवायचं असेल, तर तुमचं निवेदन त्याच्या कामाचं असतं.

नोटिशीला उत्तर द्यायचं आहेच. आम्ही शांततेनं बसणार आहोत, आमच्या स्वयंसेविका इतक्या आहेत, बाहेरचं कुणी गोंधळ घालायला आलं तर पोलिसांनी त्याला रोखावं अशी आमची विनंती आहे, असं चार ओळींत. उद्या सकाळी मसुदा घेऊन ये, दोन प्रती काढू. ठाण्यात तुझ्याबरोबर मी येईन, पण बोलायचं तू.

सोमवारी दहाला मी हजर आहे. मोठी सतरंजी माझ्याकडे आहे, जुनी आहे पण सगळ्या मावाल. पाण्याचा जार आणि पेले तेवढे तुम्ही आणा, आणि एक पेला बंदोबस्तावरच्या हवालदारांसाठीही भरून ठेवा. उन्हात तेही दिवसभर उभेच असतात.

तुझा,
सर