बी.ए.चा पुरातत्त्व प्रकल्प : जगातल्या संस्कृती आणि गावच्या बरडावरचे गोटे

पत्र : मी उमरेड तालुक्यातला कास्तकार. मुलगी इतिहास घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पुरातत्त्वातच जायचं आहे. कॉलेजच्या प्रकल्पाला तिने ‘जगातील प्राचीन संस्कृतींचा अभ्यास’ असा विषय दिला. आमच्या गावच्या बरडावर गोट्यांची मोठमोठी रिंगणं आहेत. तिथून अन् वावरातून खापरं, मणी वेचून तिने बिस्किटाच्या डब्यात ठेवले आहेत. विषय बरोबर आहे का? पुण्याला पाठवावं लागेल का? अन् यात पोटापाण्याचं काही होईल का?

नमस्कार भाऊ,

विषयाचं आधी बोलू, कारण तो अडला की बाकीचं सगळं अडतं. विषय बरोबर नाही. इजिप्तवर दहा पानं, मायांवर दहा, चीनवर दहा, अशी बाडं दरवर्षी जमा होतात. तोंडी परीक्षेत “यात तुझं काय?” असं विचारलं की पोरं गप्प होतात. प्रकल्पाला एक प्रश्न लागतो. त्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात तयार नसावं, आणि चार-सहा महिन्यांत, घरच्या खर्चात ते मिळवता यावं. असा प्रश्न तुमच्या बरडावर आहे, आणि तिला हवं असलेलं जगही त्यात येतं.

विदर्भातली ही रिंगणं बहुतेक लोहयुगातल्या दफनांची आहेत, ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते ३०० या काळातली. पुस्तकात ती ‘महापाषाणीय शिलावर्तुळं’ म्हणून भेटतील. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा ही सगळी नागपूर जिल्ह्यातलीच नावं. माहुरझरीला माणसांबरोबर घोडे पुरलेले सापडले, त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने सापडले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली.

आता पश्चिम आफ्रिकेत चला. गांबिया नदीच्या काठाने सुमारे ३५० किलोमीटर लांब आणि १०० किलोमीटर रुंद पट्ट्यात अशी हजारावर शिलास्मारकं आहेत. सेनेगल आणि गांबिया या दोन देशांतले त्यांचे चार समूह २००६ साली जागतिक वारसा यादीत आले. तिथल्या वर्तुळात साधारण ८ ते १४ खांब असतात आणि व्यास ४ ते ६ मीटर. खांब जांभ्या दगडाचे, लोखंडी हत्यारांनी घडवलेले, सरासरी २ मीटर उंच. आपल्याकडे बिनघडीचे गोटे, बरेचदा एकमेकांना खेटून, आणि रिंगणाच्या पोटात दगडमातीचा ढीग.

इथेच प्रश्न सापडतो : रिंगण मोठं झालं की गोट्यांची संख्या वाढते, की गोटेच मोठे निवडले जातात? १० मीटर व्यासाच्या रिंगणाचा परीघ साधारण ३१.४ मीटर भरतो. सरासरी ६० सेंटिमीटर रुंदीचे गोटे खेटून लावले तर ५२ लागतील. प्रत्यक्षात ३० निघाले, तर बाकीचे नेले गेले, की मुळात अंतर सोडून लावले होते? तिकडे ५ मीटरच्या वर्तुळात खांब फार तर १४. दोन समाजांनी एकाच आकारासाठी मेहनत कशी वाटली, एवढंच तपासायचं. “ते लोक तिकडून इकडे आले” हे वाक्य मात्र प्रकल्पात नको. आफ्रिकेतली वर्तुळं इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून इ.स. सोळाव्या शतकापर्यंतची धरतात. गोल आकार माणसाला कुठेही सुचतो. सारखेपणा दिसला की नातं जोडायचं, ही या विषयातली सगळ्यात जुनी खोड आहे.

मोजणीला २५ ते ३० रिंगणं पुरेत. तेवढी एका बरडावर नसतील तर शेजारच्या गावचं शिवार घ्यावं, जमीनमालकाला विचारून. साहित्य म्हणजे ३० मीटरचा टेप, होकायंत्र, जाड पुठ्ठ्याची वही, फोटोसाठी काळेपांढरे पट्टे रंगवलेली एक मीटरची काठी आणि सोबतीला एक माणूस. एकटीने टेप ताणता येत नाही आणि बरडावर एकटीने फिरूही नये. काम जानेवारी ते मार्चमध्ये करावं. पावसाळ्यात गवत कंबरेएवढं होतं आणि निम्मे गोटे दिसतच नाहीत.

प्रत्येक रिंगणाला क्रमांक द्यायचा आणि व्यास दोनदा घ्यायचा, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, कारण रिंगण क्वचितच नेमकं गोल असतं. टेप गोट्याच्या बाहेरच्या कडेला लावायचा की आतल्या, हे पहिल्या दिवशी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. अर्धी मोजणी आतून आणि अर्धी बाहेरून झाली तर एका व्यासात सहज मीटरभराचा फरक पडतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. मग गोटे मोजायचे, पण दोन रकान्यांत : जागेवर असलेले आणि हललेले. प्रत्येक गोट्याची रुंदी, उंची आणि पुढच्या गोट्यापर्यंतचं अंतर नोंदवायचं. काही गोट्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले असतात, जुनापाणीचे प्रसिद्धच आहेत. दुपारच्या उन्हात ते दिसत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की सावलीने उठून येतात.

मोबाइलचं जीपीएस उघड्या रानातही चार-पाच मीटर चुकतं. रिंगण नकाशावर टाकायला ते ठीक, पण जवळजवळच्या दोन रिंगणांमधलं अंतर टेपनेच घ्यावं. दुसरी फसगत धुऱ्याची, म्हणजे वावराच्या बांधाची. वखरणीत निघालेले गोटे कास्तकार कडेला रचतो, आणि तो ढीग नवख्याला थडग्यासारखा दिसतो. उलट कित्येक रिंगणांचे गोटे बांधाला आणि घराच्या पायाला गेलेले असतात. इथे तुम्ही आणि गावातले म्हातारे लोक तिच्या कामी याल. कोणता ढीग कोणी, कधी घातला ते विचारून तिने नोंदवावं. ही माहिती नागपूर-पुण्याच्या संशोधकाला सहजी मिळत नाही.

काळ ठरवायच्या भानगडीत तिने पडू नये. कार्बन चाचणीला, म्हणजे कोळसा-हाडांतल्या कार्बनवरून वय काढायला, नीट उत्खननातला नमुना लागतो. शिवाय इ.स.पू. ८०० ते ४०० च्या दरम्यान कार्बनच्या आकड्याचं सनात रूपांतर करणारी रेषा जवळजवळ सपाट आहे. त्यामुळे चांगला नमुना असला तरी उत्तर कधीकधी तीन-चारशे वर्षांच्या पट्ट्यात येतं, आणि आपली बरीच रिंगणं नेमकी त्याच काळात बसतात.

आता डब्याचं. रागावू नका, पण वेचणं आजपासून बंद. तिचा हेतू चांगला आहे, तरी जागेवरून उचललेलं खापर म्हणजे पत्ता फाडलेलं पाकीट. वावरातल्या खापरांवरून तर तसाही काळ सांगता येत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचं खापर भेगेतून खाली जातं, पावसात माती फुगून भेग मिटते आणि जुनं-नवं एकत्र होतं. वस्तीचा शोध घ्यायचा तर पांढरी बघावी. गावाची काळी आणि पांढरी आपण बोलण्यात वेगळी करतो, तीच खूण संशोधकही वापरतात. जुन्या वस्तीची राखमिश्रित माती रंगाने फिकट असते.

डब्यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या पुडीत ठेवून कुठल्या वावरातून, अंदाजे कधी उचलली ते आठवेल तेवढं लिहावं, आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला प्राध्यापकांच्या सहीने कळवावं. गुप्तधनाच्या १८७८ च्या कायद्यानुसार (ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट) जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. खणायचं तर अजिबात नाही, वीतभरही नाही. उत्खननाला परवाना लागतो. रिंगणांचे फोटो ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकू नयेत. गुप्तधनवाले रात्री कुदळ घेऊन पोचतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुण्याचं म्हणाल तर आत्ता नाही. बडोद्याच्या विद्यापीठात पुरातत्त्वाची बी.ए. आहे, पण दुसऱ्या वर्षातून उठून जाण्यात वर्षं वाया जातील. बी.ए. इथेच पूर्ण होऊ द्या. नव्या शैक्षणिक धोरणातला चौथ्या वर्षाचा संशोधनासह ऑनर्स तुमच्या कॉलेजात आहे का ते विचारा. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. पुढे एम.ए.ला नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे, आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. एम.ए.नंतर ग्रेटर नोएडाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संस्थेत दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा असतो. जागा मोजक्याच.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. सरकारी पदं थोडी आहेत आणि दरवर्षी जाहिरात निघेलच असं नाही. एम.ए.नंतर प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीसाठी नेट ही परीक्षा असते, तिच्यात पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. त्याखेरीज संग्रहालयं, वारसा-सर्वेक्षणं, उत्खननांवरची कंत्राटी कामं. तिथे नुसत्या पदवीपेक्षा हातातलं काम बघतात : खापराचं मापात चित्र काढणं, क्यूजीआयएस या फुकट सॉफ्टवेअरवर नकाशा करणं, ब्राह्मी ही जुनी लिपी वाचणं. तिन्ही गोष्टी घरबसल्या सुरू करता येतात. इंग्रजी वाचन वाढवावंच लागेल, पर्याय नाही. बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षेची वाट तिने मोकळी ठेवली तर तिला अडवू नका. आणि ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या प्रमाणपत्राला किंवा परदेशातल्या उत्खनन-शिबिराच्या फीला सध्या एक रुपयाही देऊ नका.

प्रकल्पाचा अर्ज बदलायची मुदत प्राध्यापकांना याच आठवड्यात विचारा. नवं शीर्षक असं देता येईल : ‘उमरेड तालुक्यातील शिलावर्तुळांचा व्यास व दगडसंख्या : सेनेगल-गांबियातील वर्तुळांशी तुलना’. आधी पाचच रिंगणं मोजून बघा. एका रिंगणाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर वहीतले रकाने कमी करा, रिंगणं कमी करू नका.