पाचपट म्हणजे कशाच्या पाचपट?

"मॅडम, आधीच छातीचं दुखणं ह्याच्या मागं लागलंय, त्यात आता कॅन्सर पण होणार म्हणं!"

कागलजवळच्या एका गावातून कोल्हापुरात माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या आईची ही चिंता. मुलगा १४ वर्षांचा, सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे छातीत कफ चिकट करणारा आणि पचनही बिघडवणारा जन्मजात जनुकीय आजार, लहानपणीच कळलेला. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये आतड्याच्या कॅन्सरचा धोका पाच ते दहा पट असतो, असा मजकूर कुणा नातेवाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तेव्हापासून पोराचं पोट दुखलं की बाईंचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मजकूर खोटा असता तर काम सोपं होतं. पण आकडा खरा आहे. 'काही नसतं हो' म्हणून वाटेला लावलं असतं, तर बाईंनी घरी जाऊन पुन्हा मोबाइलच उघडला असता.

वडील ऊसकरी. त्यांना म्हटलं, "दादा, कारखान्याने दहा टक्के वाढवून देतो म्हटलं, तर तुम्ही आधी मूळ दर विचारता की नाही? तसंच हे. पाचपट, पण कशाच्या?" कोवळ्या वयात मोठ्या आतड्याचा कॅन्सर मुळातच अगदी क्वचित होतो. त्या क्वचितची पाचपट केली, तरी चौदाव्या वर्षी ती क्वचितच राहते. अमेरिकेत १९९० ते २००९ या काळात ४० हजारांहून जास्त रुग्णांचा माग ठेवला गेला. अवयव प्रत्यारोपण न झालेल्यांत सगळे कॅन्सर मिळून धोका इतर माणसांइतकाच निघाला. वाढलेला दिसला तो मुख्यतः पचनसंस्थेचा. फुफ्फुसं बदललेल्यांत मात्र तो बराच जास्त असतो, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायमची चालू राहतात.

आतडंच का, हे आईने विचारलं. ज्या जनुकातल्या बिघाडाने छातीत कफ चिकट होतो, तोच जनुक आतड्यातही काम करतो. तिथल्या पेशींच्या वाढीला तो लगाम घालतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पूर्वी हे रुग्ण सहसा चाळिशी गाठत नसत, म्हणून हा प्रश्न कुणाला पडत नव्हता.

अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये सल्ला दिला, की या रुग्णांनी ४०व्या वर्षापासून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करावी आणि सगळं ठीक असलं तर दर पाच वर्षांनी. प्रत्यारोपण झालं असेल तर ३०व्या वर्षापासून. आतड्यात कोंब (पॉलिप, म्हणजे अस्तरावरची लहान गाठ) सापडला तर तो दुर्बिणीतूनच काढता येतो, कॅन्सर होण्याआधीच. फक्त दुर्बीणवाल्या डॉक्टरांना आजार आधी सांगायचा. यांचं पोट नेहमीच्या जुलाबाच्या औषधाने नीट साफ होत नाही. आणि शौचातून रक्त गेलं किंवा वजन कारणाशिवाय उतरलं, तर वय न बघता दाखवायचं. 'हे आजारामुळंच' म्हणून अंगावर काढायचं नाही.

"मग आत्ता पोट का दुखतंय?" वडील पहिल्यांदाच बोलले.

मी मुलाशी एकट्याशी बोलले. संडासला तेलकट होतं का, तरंगतं का, असं सरळ विचारलं. मान खाली घालून "होय" म्हणाला. या आजारात पाचक रस आतड्यात नीट पोहोचत नाहीत, म्हणून जेवताना पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. शाळेत डबा खाताना त्या तो घेतच नव्हता. पोरं विचारतात, 'कसल्या गोळ्या रे?' सुट्टीत बाहेर मिसळ खाल्ली, वर तर्री दोनदा घेतली, तरी कॅप्सूल दप्तरातच. चरबी पचणार कशी? पोट दुखायला एवढं कारण पुरतं, तरी डॉक्टरांनी एकदा तपासावं म्हणून चिठ्ठी दिली. वर्गशिक्षिकेला काय सांगायचं ते त्याचं त्यानेच ठरवलं: "पचनाच्या गोळ्या आहेत, बस्स."

आईबापांना स्वतःचीही धाकधूक होती. ते दोघं वाहक, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असलेले, पण स्वतःला आजार नसलेले. वाहकांसाठी मोठ्या आतड्याची वेगळी तपासणी सुचवलेली नाही. इतरांसारखीच काळजी घ्यायची.

निघता निघता कळलं, की धाकटी बहीण नऊ वर्षांची आहे आणि या आजाराच्या निदानासाठी लागणारी तिची घामाची तपासणी कुणी केलेलीच नाही. ती तब्येतीने चांगली, म्हणून राहून गेलं. प्रत्येक भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, सौम्य असला तर उशिरा कळतो. तपासणीत नाही निघाला, तरी ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. पण वाहक आहे का हे बघणारी चाचणी ती सज्ञान झाल्यावर, तिच्या मर्जीने. घामाची तेवढी या महिन्यातच करून घ्या, असं सांगून चिठ्ठीवर तिचंही नाव घातलं.