वादानंतर कंपनीने आम्हा अकरा जणांना गेटवरच अडवलं. आता फोन करून 'हिशेब घ्या' म्हणतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की चाकणच्या कंपनीत सात वर्षं कायम आहात. सुपरवायझरने कंत्राटी मुलाला ढकललं, त्यावरून सगळ्यांनी अर्धा तास मशीन बंद ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्यासह अकरा जणांचा पंच लागेना. त्याला आज एकोणीस दिवस झाले. हातात एकही कागद नाही. एचआरवाले एकेकाला फोन करतात की सही करा, हिशेब आणि अनुभवाचं पत्र घेऊन जा, नाहीतर बडतर्फीचा डाग लागेल.

मी वकील नाही. भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉपला होतो आणि २००७ साली असाच गेटबाहेर पडलो. परत आत जायला सहा वर्षं लागली. म्हणून जे सांगतोय ते अंगावर काढलेलं आहे.

सगळ्यात आधी, सही करू नका. एचआरच्या केबिनमध्ये एकट्याने जाऊ नका. आम्ही सहा जण होतो, त्यातल्या दोघांनी पंधरा दिवसांत हिशेब घेतला. वाचून बघितला तर त्या कागदावर 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे, कंपनीकडून माझं कसलंही येणं राहिलेलं नाही' असं होतं. एकदा ती सही झाली की कंपनी म्हणते, आम्ही काढलंच नाही, तो गेला. मग भांडायचं कशावर? त्या दोघांना मी दोष देत नाही. एकाच्या घरात बाळंतपण होतं, दुसऱ्याचे दोन हप्ते थकले होते. कंपनीला हे सगळं माहीत असतं, आणि फोन नेमका त्याच माणसाला आधी जातो. तुमच्यातल्या कोणी दडपणाखाली सही केली असेल तर त्याने आजच्या आज लेखी कळवावं की ही सही जबरदस्तीने घेतली आहे, मला राजीनामा द्यायचा नाही. पंधरा दिवसांनी कळवलं तर त्याला वजन राहत नाही. न विचारता खात्यात पैसे टाकले तर तेही लिहून कळवा: हक्क राखून, निषेधासह स्वीकारतो.

दुसरं, रोज गेटवर जा. आमच्या युनियनच्या जुन्या सेक्रेटरीने पहिल्याच दिवशी मला शंभर पानी वही घ्यायला लावली. तारीख, वेळ, गेटवर ड्युटीला कोण, त्याने काय सांगितलं, बरोबर कोण होतं, एवढं रोज लिहायचं. माझ्या पाळीची वेळ सातची. मी पावणेसातला डबा घेऊन जायचो. पहिल्या दिवशी गेटवर जो वॉचमन होता तो अकरा वर्षं मला रोज 'या' म्हणायचा. त्या दिवशी माझ्याकडे न बघता तो हळूच म्हणाला, 'भाऊ, यादीत नाव आहे, मी काय करू.' मी वहीत तसंच्या तसं लिहिलं. नव्वदच्या वर नोंदी झाल्या होत्या त्या वहीत. पावसात भिजून काही पानांची शाई पसरली होती.

ती वही कामी कशी आली ते सांगतो. महिन्याभराने माझ्या घरी पत्र आलं की तुम्ही अमुक तारखेपासून विनापरवाना गैरहजर आहात, आठ दिवसांत हजर झाला नाहीत तर नोकरी सोडली असं समजू. म्हणजे आधी गेटवर अडवायचं आणि मग गैरहजर म्हणायचं. मी त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने उत्तर दिलं की मी रोज हजर होतो, तारखा अशा, आत घेतलं जात नाही, मी आजही काम करायला तयार आहे. गैरहजेरीच्या नावाखाली आपोआप नाव कमी करता येत नाही, माणसाला आधी म्हणणं मांडू द्यावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली डी. के. यादव यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. असं पत्र तुमच्याकडेही येईल असं मी धरून चालतो. पोस्टमनकडून पत्र परत पाठवू नका, घ्या आणि उत्तर द्या.

तुमच्या हातात अजून काहीच नाही, म्हणून आजच कंपनीला पत्र लिहा. एक पान पुरे. अमुक तारखेपासून मला गेटवर अडवलं जातंय, कारण सांगितलेलं नाही, निलंबित केलं असेल तर आदेश आणि निर्वाह भत्ता द्या, नाहीतर कामावर घ्या. एक प्रत रजिस्टर पोस्टाने कंपनीला, एक ईमेलने, एक कामगार आयुक्त कार्यालयात. पुण्यात ते वाकडेवाडीला आहे. तिथे आवक शिक्का मारून पोच घ्या. अकरा जणांनी अकरा पत्रं द्यायची, एकच सामायिक अर्ज नको. याचं कारण पुढे येईल.

निलंबन असेल तर पहिले नव्वद दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो. त्यापुढे, उशीर तुमच्यामुळे झाला नसेल तर, पाऊण. हा भत्ता मागण्यात कमीपणा नाही. आमच्यातला एक जण 'त्यांचा पैसा नको' म्हणून बसला आणि तीन महिन्यांत मोडला.

पुढे आरोपपत्र येईल आणि चौकशी लागेल. आमची चौकशी एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये झाली. चौकशी अधिकारी कंपनीचेच नेहमीचे वकील. माझे सहकारी म्हणाले, निकाल ठरलेला आहे, जायचंच कशाला? जा. दर तारखेला जा. तुम्ही गेला नाहीत की एकतर्फी चौकशी होते, आणि मग कोर्टात कंपनी म्हणते की संधी दिली होती. कामगार प्रतिनिधी मागा, कागदपत्रांच्या नकला मागा, साक्षीदाराची उलटतपासणी करा. काही नाकारलं तर त्याच दिवशीच्या कामकाजात आक्षेप लिहून घ्यायला सांगा. लिहून घेत नसतील तर सही करताना खाली स्वतःच्या हाताने 'आक्षेप नोंदवला नाही' असं लिहा. कोर्टात पहिला मुद्दा हाच निघतो की चौकशी न्याय्य होती का. ती पडली की कंपनीला सगळा पुरावा नव्याने द्यावा लागतो. ती टिकली तरीही शिक्षा फार जड आहे का हे कोर्ट बघू शकतं.

माझ्यावर आरोप असा होता की प्रेस नंबर चारपाशी सव्वादहा वाजता मी मॅनेजरला शिवीगाळ केली आणि घेराव घातला. मूळ प्रकार वेगळाच होता. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर बायपास केलेला होता आणि एका पोराच्या दोन बोटांची पेरं गेली. आम्ही चाळीस मिनिटं लाईन थांबवली आणि सेन्सर जोडा म्हटलं, एवढंच. त्या सव्वादहाला मी प्रेसपाशी नव्हतोच. त्याचा हात टॉवेलमध्ये गुंडाळून मी रिक्षाने चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलला निघालो होतो. तिथल्या केसपेपरवर पेशंटला घेऊन येणाऱ्याचं नाव लिहितात. माझं नाव होतं, वेळ होती दहा वीस. भोसरीपासून पाच मिनिटांत कुणी चिंचवडला पोचतं का? मॅनेजरला उलटतपासणीत हेच विचारलं. त्यांनी आधी 'मग साडेनऊ असेल' म्हटलं, आणि साडेनऊला तर अपघातच झालेला नव्हता.

तो केसपेपर मला आठवला तो तब्बल दोन वर्षांनी. तुम्ही एवढे दिवस घालवू नका. त्या अर्ध्या तासात तुम्ही नेमके कुठे होता, कोणत्या मशीनवर, कोणाशी बोललात, हे आज रात्री बसून लिहून काढा. सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवा, असं कंपनीला लेखी कळवा. ते काही दिवसांनी पुसलं जातं, पण तुम्ही मागितल्यावरही ते नाहीसं झालं तर त्याचा जाब कंपनीला द्यावा लागतो. पगारपत्रकं, नेमणूकपत्र, ओळखपत्र, पीएफचं पासबुक, ईएसआयचं कार्ड, सगळ्याचे फोटो काढून घरच्या कोणाकडे तरी पाठवून ठेवा. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रागाने काही लिहू नका. आमच्या काळी ते नव्हतं, पण अलीकडच्या आरोपपत्रांना मी स्क्रीनशॉट जोडलेले पाहिले आहेत.

आता अकरा पत्रांचं कारण. मारुतीच्या मानेसर कारखान्यात १८ जुलै २०१२ ला हिंसाचार झाला, त्यात एका एचआर अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. ते भयंकर होतं आणि दोषींना शिक्षा व्हायलाच हवी होती. पण त्यानंतर कंपनीने ५४६ कायम कामगारांना काढलं. खटला १४८ जणांवर चालला आणि मार्च २०१७ मध्ये त्यातले ११७ निर्दोष सुटले. निर्दोष ठरूनही नोकरी परत मिळाली नाही म्हणून काढलेले कामगार पुढे कित्येक वर्षं आंदोलन करत राहिले. गर्दीतला एक म्हणून माणसाला काढलं की त्याला स्वतःचं निर्दोषपण मांडायला जागाच उरत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या नावाने विचारायचं: मी, अमुक टोकन नंबरचा, मी नेमकं काय केलं? भांडायचं एकत्र, वकील एक, वर्गणी एक, पण कागद ज्याचा त्याचा.

मुदतीबद्दल नीट वाचा. महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांबद्दलचा कायदा आहे. आकसाने काढणं, खोटे आरोप लावून काढणं, चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवणं हे सगळं त्याच्या चौथ्या अनुसूचीत बसतं. त्याखालची तक्रार नव्वद दिवसांच्या आत करायची असते. बडतर्फीचं पत्र यायच्या आधी गेलात तर अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेशही मागता येतो. मी या वाटेने गेलो. आमच्यातल्या एकाची ती मुदत हुकली, त्याला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने जावं लागलं. तेव्हा सरकारने प्रकरण पाठवल्याशिवाय कोर्ट हातात घेत नसे, ती अडचण २०१० च्या दुरुस्तीने गेली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत, त्या विवाद कायद्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत आधीच्या तीन वर्षांच्या जागी दोन वर्षांची मुदत आहे. तुमचं प्रकरण कुठे दाखल करायचं हे रोज कामगार कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाकडून ठरवून घ्या, ओळखीतल्या दिवाणी वकिलाकडून नको. पण मनात नव्वद दिवसच धरा. तुमचे एकोणीस गेले आहेत.

वकिलाला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. तुमच्या युनियनचं मागणीपत्र आयुक्तांकडे तडजोडीला पडलेलं आहे का? असेल तर त्या काळात कंपनीला मनमानी करून काढता येत नाही, परवानगी किंवा मान्यता घ्यावी लागते. ती न घेता केलेली बडतर्फी टिकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा २००२ चा निकाल आहे. हा मुद्दा बरेचदा राहून जातो.

नेमणूकपत्रावर 'टीम लीडर' लिहिलंय म्हणून तुम्ही कामगार नाही असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. हुद्दा काय यापेक्षा प्रत्यक्ष हाताने काय काम करता ते बघितलं जातं.

घर कसं चालवलं हेही विचारलंय तुम्ही. माझ्या बायकोने मेसचे डबे सुरू केले, सकाळी वीस, संध्याकाळी वीस. मी आधी हमाली केली, मग मेव्हण्याचा टेम्पो चालवला. कोर्टात मागच्या पगाराचा विषय निघाला तेव्हा मी हे सगळं शपथेवर सांगितलं. वकील जरा कुरकुरले, पण खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. मला सेवासातत्यासह, म्हणजे मधली वर्षंही नोकरीतच धरून, कामावर घेण्याचा आदेश झाला आणि मागचा पगार निम्मा मिळाला. दुसरं काही कमावत नसेल तर पूर्ण पगार हा सर्वसाधारण नियम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दीपाली सुरवसे या महाराष्ट्रातल्याच शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटलंय. मुदत हुकल्यामुळे विवाद कायद्याच्या वाटेने गेलेला आमचा मित्रही जिंकला. कंपनी हायकोर्टात गेली, पण तो कुठे नोकरीला नसल्यामुळे तिथला निकाल लागेपर्यंत कंपनीला त्याला शेवटचा पगार दर महिन्याला द्यावा लागला.

मी परत गेलो त्या सकाळी गेटवर दुसराच वॉचमन होता. त्याने नाव विचारलं, आदेश वाचला आणि रजिस्टरमध्ये सही करायला पेन पुढे केला. प्रेस चारचा सेन्सर जोडलेला होता.

उद्या सोमवार आहे. येताना वही घेऊन या म्हणून बाकीच्या दहा जणांना आज रात्रीच फोन करा, आणि पाळीच्या पंधरा मिनिटं आधी गेटवर उभे राहा.